दिवा धरणाऱ्याची बाजू

नोव्हेंबर. जॉनस्टनच्या उतारावर आमचं गॅरेज:
एक हीटर, दोन माणसं,
आणि विटांवर उभी एकोणसत्तर सालची इम्प.
भुताच्या पोराचं नाव ठेवलेली एवढीशी गाडी,
इंजिन मागे, डिकी पुढे,
जन्मतःच उलट्या पायांची.

माझं काम दिवा धरणं.
तीस वर्षं मी पत्रं वाटली; मला नट आणि बोल्ट
एकाच आडनावाचे वाटतात.
इशबेल खाली, पुठ्ठ्यावर पाठ टेकून.
तिचे नुसते बूट बोलतात माझ्याशी:
"डावीकडे. अजून डावीकडे. तुझं डावं नव्हे."

जुनं इंजिन तापायचं लवकर,
रुसायचं त्याहून लवकर.
आता ते जिन्याखाली आहे. मांजर त्यावर झोपतं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं,
इशबेल म्हणते.

नवं आलं एका जपानी गाडीच्या पोटातून.
नाक चेपलेली, एअरबॅग लोंबणारी,
मागच्या सीटवर कुणाच्या तरी बाळाचा एक मोजा.
तो आम्ही फेकला नाही. जपूनही ठेवला नाही.
असेल कुठेतरी, वायसरच्या डब्यात.

आधी तिने पुठ्ठ्याचं इंजिन केलं,
ओटमीलच्या खोक्यांचं.
ते बसलं जावयासारखं, ऐसपैस.
खरं बसेना.
दोन बोटं कमी. मापात पाप कुणाचं, ठरेना.
मी म्हणालो, नाकापेक्षा मोती जड झालाय, सोड.
बूट काही बोलले नाहीत.

कापायचा होता मागचा आडवा पत्रा.
फेल्ट सोलला तर खाली पिवळ्या खडूची फुली,
कुणीतरी 'बघितलं, ठीक आहे' म्हणून मारलेली.
लिनवुडचा कारखाना एक्याऐंशीत बंद झाला.
तिचा बाप, मर्डो, तिथे दारं बसवायचा.
(स्वतः मात्र डॅटसन चालवायचा.)
मला वाटलं ती थांबेल, बोट फिरवेल त्यावरून.
मी आदबीनं दिवा जरा खाली केला.
"दिवा!" ती ओरडली, आणि ग्राइंडर लावला.

मग वायरिंग.
या नव्या इंजिनाला सगळं कळवावं लागतं:
बाहेर थंडी किती, पाय किती दाबला,
धुरात काय उरलंय.
जेवणाच्या टेबलावर तो गुंता पंधरा दिवस होता,
आम्ही ताटं मांडीवर घेतली.
जुनीला यातलं काही विचारायचं नसे.
ती सरळ बंद पडायची.

मार्चमधल्या एका मंगळवारी ते सुरू झालं.
मला खोकल्याची सवय; यानं फक्त घसा साफ केला.
इतकं शांत, की चालू असतानाच इशबेलने
पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर किंचाळला.
तीही.

किलबार्खनच्या वृद्धाश्रमात मर्डोकडे आता
नावं टिकत नाहीत. मला तो पोस्टमन म्हणतो.
त्यात चूक काही नाही.
ओलुचीने त्याला ब्लँकेट गुंडाळून पार्किंगमध्ये आणलं.
मागच्या झाकणावर पंजा ठेवून त्याने ऐकलं.
बराच वेळ.
"हे आमचं नाही."
इशबेल आपल्या नखांतलं ग्रीस बघत राहिली.

मग त्याने दार उघडलं. जरासं उचललं. लावलं.
पुन्हा उघडलं, कान तिरका करून लावलं.
"बिजागरी खाली आलीये. कुणी बसवलं हे?
पाठवा त्याला माझ्याकडे."
आणि हात मागे केला, न बघता,
शेजारी कुणीतरी पाना घेऊन उभं असतंच, अशा खात्रीनं.
इशबेलच्या खिशात दहाचा होता. तिने तो ठेवला त्या हातात.
त्याने नुसता तोलून परत दिला.
"अर्धा इंच, पोरी."

ती डिकीकडे धावली. पुढच्या.
चहा आला, निवला, त्यावर साय धरली.
सहा वाजता उजेड जायला लागला.
मला कुणी सांगितलं नव्हतं,
मी फोनचा दिवा लावून वाकलो.
"डावीकडे," मर्डो म्हणाला.